सूचना : २१ सप्टेंबरची बैठक

सभासदहो, २१ सप्टेंबरला संध्याकाळी ७ वाजता ‘अर्थ, विंड अँड फायर’ हा अमेरिकी बँड ऐकायला जमायचं आहे. हीच तारीख का, हे या ग्रुपवर सांगायला नको! २१ सप्टेंबरच्याच रात्रीची आठवण काढणारं त्यांचं ‘सप्टेंबर’ (१९७८) हे गाणं सगळ्यात शेवटी लागेल. आधी फर्माईश करू नये.

सुरुवात बँडच्या संस्थापकाच्या, म्हणजे मॉरिस व्हाइटच्या कलिंबापासून. अंगठ्यांनी छेडायचं हे चिमुकलं आफ्रिकी वाद्य ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या दणक्यातही कसं स्वच्छ ऐकू येतं, ते कान देऊन ऐका. मग गायक फिलिप बेलीचा तो वरच्या पट्टीतला आवाज.

बँडमधल्या व्हर्डीन व्हाइटच्या बेस गिटारचा आवाज मोबाइलवर पार मरतो, म्हणून कुणाकडे मोठे स्पीकर असतील तर बुधवारपर्यंत कळवा. एलपी (रेकॉर्ड) आणणाऱ्यांनी कव्हरवर नावाची चिठ्ठी लावावी. नाचायला जागा ठेवली आहे, लाजू नका. बरोबर १० वाजता आवाज बंद.