खोट्या भोपळ्याची खरी तयारी

एडिसन, न्यू जर्सी
२९ सप्टेंबर

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

हॅलोविनसाठी खोटे भोपळे घ्यावेत का आणि रंग कुठला आणावा, असं तू विचारलंस. घ्यावेत, हे नक्की. खरा भोपळा कोरला की थोड्याच दिवसांत आतून बुरशी धरतो, कडा आत वळतात आणि तोंड बसतं. खोटा आत्ताच करून ठेवता येतो, वर्षानुवर्षं टिकतो. रंग मात्र भोपळा हातात आल्याशिवाय आणू नकोस, कारण सगळे भोपळे एका जातीचे नसतात.

दुकानात भोपळा उलटा कर आणि तळाच्या भोकाची कड बघ. साबुदाण्यासारखे पांढरे मणी दिसले तर थर्माकोल. पावाच्या आतल्या भागासारखं बारीक, सलग जाळं दिसलं तर पॉलियुरेथेनचा फोम. कोरायचा असेल तर हा दुसराच घे, थर्माकोलचा फक्त रंगवायला. थर्माकोलवर स्प्रेचा साधा रंग मारलास तर त्यातला द्राव थर्माकोल खातो. वरच्या पातळ सालीला कुठे चीर असली की तिथून आत खड्डा पडत जातो. झटपट चिकटणारा सुपरग्लूही तेच करतो. म्हणून त्याला पाण्यातला ॲक्रिलिक रंग आणि पांढरा गोंद, बस. ग्लू गन लागलीच तर कमी तापमानाची.

आता तयारी. रंगाइतकाच वेळ हिला दे. नव्या भोपळ्याची साल तुळतुळीत असते, त्यावर ॲक्रिलिक रंग थेंबाथेंबाने गोळा होतो, आणि वाळला तरी नखाने पोपडा निघतो. भांड्याच्या साबणाचं पाणी करून पुसून घे, पूर्ण कोरडा कर, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने फिरव. नुसती चमक जायला हवी, साल फाटायला नको. मग जेसोचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात. पांढरा किंवा फिका रंग द्यायचा असेल तर हे टाळूच नकोस. नाहीतर खालचा केशरी चार हातांनंतरही डोकावत राहतो. दोन हातांमध्ये निदान अर्धा तास जाऊ दे. ओल्यावर ओलं लावलं की ब्रश खालचा थरच ओढून काढतो. फाकींमधल्या खाचांत रंग साचतो, तिथे कोरडा ब्रश फिरवून तो उचलायचा.

पट्टे काढायचे असतील तर चिकटपट्टीची कड नखाने दाबून घे आणि तिच्यावरून आधी खालच्याच रंगाचा एक हात दे. फट असेल ती त्याच रंगाने बुजते, मग वरचा रंग आत झिरपत नाही. वरचा रंग किंचित ओलसर असतानाच पट्टी सावकाश, उलट्या दिशेला दुमडून काढायची. पूर्ण वाळू दिलास तर कड फाटलेली दिसेल.

कोरताना चेहरा कागदावर काढ, कागद चिकटव आणि टाचणीने रेघेवर ठिपके टोच. आधी डोळे-नाक, तोंड सगळ्यात शेवटी, कारण मोठं भोक पडलं की कवच लवायला लागतं. बारीक दात्यांची क्राफ्टची करवत घे, दाबू नकोस, नुसती पुढेमागे चालव. दात दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक ठेवू नकोस. तुटलाच तर टूथपिकचा तुकडा आत घालून पांढऱ्या गोंदाने बसव. मास्क लाव, भुसा फार बारीक उडतो. आपल्याकडे मखरासाठी थर्माकोल तापल्या तारेने कापायचे, तो मोह इथे अजिबात नको. पॉलियुरेथेन जळला की विषारी धूर होतो. झाकण वर कापायचं कारण नाही, दिवा तळाच्या भोकातूनच ठेव. आणि कापलेली जाडी आतल्या बाजूपर्यंत पिवळी रंगव. एवढ्याने उजेड उबदार दिसतो, नाहीतर फोमची कड फिकी, उघडी पडते.

पण दिवा म्हणजे बॅटरीचाच. मेणबत्ती नाही, पणती नाही, पाच मिनिटांपुरतीसुद्धा नाही. फोम पेट घेतो. एलईडीची माळ घातलीस तर बॅटरीची डबी चिकटवू नकोस, सेल बदलायला हात जायला हवा.

दाराबाहेर ठेवणार असशील तर पोटात वाळूची पिशवी घाल, वाऱ्याने तो लोळत जातो. वरून मॅट वॉर्निश ब्रशने, स्प्रेने नको. नोव्हेंबरात जुन्या सुती चादरीत गुंडाळून घरातल्या कपाटात ठेव. माळ्यावर उन्हाळ्यात एवढं तापतं की रंग चिकट होतो आणि प्लास्टिकची पिशवी त्याला धरून बसते.

एक भोपळा मात्र मोरपंखी रंगव. हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं दारोदार खाऊ मागत येतात, त्यांच्यासाठी. 'टील पंपकिन प्रोजेक्ट' ही खूण २०१४ पासून देशभर पसरली: दारात असा भोपळा दिसला की त्या घरी खाऊशिवाय दुसरंही काही मिळतं, हे शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या आईबापांना कळतं. पेन्सिली, स्टिकर, छोटे चेंडू वेगळ्या वाडग्यात ठेव, चॉकलेटच्या वाडग्यात मिसळू नकोस. असं मूल दारात आलं तर त्यालाही मूठभर काही नेता येईल. ह्या भोपळ्यावर चेहरा नको, रंग लांबून ओळखू यायला हवा.

भोपळे आणलेस की तळाशी काय दिसलं ते कळव, मग रंगांची यादी पाठवते.

तुझी,
सुमा