सूचना : ‘शुगर फ्री’ पाकिटांबाबत

सर्व ज्येष्ठ सभासदांना नमस्कार.

सणासुदीच्या खरेदीत ‘शुगर फ्री’ बिस्किटे आणि मिठाई आपल्याकडे हटकून येते. मधुमेह असलेल्या सभासदांनी हे कृपया नीट वाचावे.

एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तर ‘शुगर फ्री’ लिहिता येते. हा दावा फक्त साखरेपुरता आहे. पाकीट उलटून मागचा तक्ता पाहा. ‘एकूण कर्बोदके’ या ओळीत अशा बिस्किटांचा आकडा अनेकदा साठ ग्रॅमच्या पुढे असतो, आणि मैद्यातल्या कर्बोदकांनीही रक्तातली साखर वाढतेच. शिवाय तक्ता बहुधा १०० ग्रॅमचा असतो, तेव्हा आपण किती खाणार त्याचा हिशेब करावा. गोडीसाठी माल्टिटॉल घातले असेल तर जास्त खाल्ल्याने पोट बिघडू शकते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पुढे नाचणीचे मोठे चित्र आणि मागे पहिलाच घटक मैदा, असे असेल तर नाचणीपुढे कंसात किती टक्के लिहिलेत ते वाचा. तेलावरच्या ‘कोलेस्टेरॉल नाही’ला भुलून जादा पैसे मोजू नका, कोणत्याही वनस्पती तेलात ते जवळपास नसतेच.

अक्षर फार बारीक असते, त्यामुळे दुकानात जाताना चष्मा बरोबर ठेवा. येत्या रविवारच्या बैठकीला प्रत्येकाने घरातले एक रिकामे पाकीट आणावे, आपण मिळून वाचू. गोळ्या-इन्सुलिनमध्ये मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही बदल करू नये.

– कार्यवाह