टेलीफोटो घेताना आधी आपला कॅमेरा पाहा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत पक्षीछायाचित्रणाच्या टेलीफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सवर लेख आला होता. ‘ज्या कंपनीचा कॅमेरा, त्याच कंपनीची टेलीफोटो घ्या, बाकीच्यांत पैसे वाया जातात’ असा सरसकट सल्ला त्यात आहे. माझा भिगवणला फोटो स्टुडिओ आहे. हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना मी लेन्स भाड्याने देतो, कॅमेरा कंपन्यांच्याही आणि इतरांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या सिग्मा-टॅमरॉनच्याही. नवशिक्यांनी हा सल्ला तसाच्या तसा मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

टॅमरॉनने २०१३च्या अखेरीस १५०-६०० (म्हणजे १५० ते ६०० मिलिमीटरची झूम; आकडा मोठा तितका पक्षी जवळ) जाहीर केली, पाठोपाठ २०१४मध्ये सिग्माची आली. त्याच ६०० मिलिमीटरची एफ ४ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) कॅमेरा कंपनीची लेन्स आज नवी घ्यायची तर दहा लाखांच्या वर जाते. कुंभारगावला नाव चालवणाऱ्या ज्या मुलांनी पुढे स्वतः फोटो काढायला सुरुवात केली, ती या दोन लेन्समुळेच. पूर्ण ६०० वर एफ ६.३ ला पहिली टॅमरॉन थोडी मऊ पडते, चित्र तितकं रेखीव येत नाही, हे खरं. एफ ८ वर नेली आणि ऊन चांगलं असलं की चित्रबलाकाचं पीस न् पीस दिसतं.

खरा फरक काचेपेक्षा कॅमेरा आणि लेन्स यांच्यातल्या संवादात आहे. नदीसुरय पाण्यावर सूर मारतो तेव्हा फोकस त्याच्यामागे किती पळतो, हे त्यावर ठरतं. सोनीच्या वेगवान कॅमेऱ्यांवर दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली की सेकंदाला १५ फ्रेमच्या वर जाता येत नाही. लेन्सची पोच वाढवणारा टेलीकन्व्हर्टरही चालत नाही. कॅननने तर आरएफ माउंट (त्यांच्या नव्या कॅमेऱ्यांवर लेन्स बसते ती जोडणी) बाहेरच्या कंपन्यांना बरीच वर्षं बंदच ठेवला. २०२४मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने त्यासाठी लेन्स जाहीर केल्या, त्याही एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरसाठीच्या. ग्राहकाने कॅमेऱ्याचे पूर्ण पैसे मोजल्यावर त्यावर काय लावायचं, हे कंपनीने ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. लेखात याचा उल्लेखही नाही.

शिवाय बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, बदलली की जुनी लेन्स कधी कधी अडून बसते. सिग्माच्या फिल्मच्या काळातल्या कित्येक लेन्स डिजिटल कॅननवर नुसती एरर दाखवतात. टॅमरॉनच्या १५०-६०० च्या २०१६च्या दुसऱ्या आवृत्तीला (जी २) टॅप-इन कन्सोल हे संगणकाला जोडायचं उपकरण लावून फर्मवेअर, म्हणजे लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर, घरीच बदलता येतं, पहिल्या १५०-६०० ला ती सोय नाही. जुन्या बाजारात दोन्ही शेजारी शेजारी विकायला असतात आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत.

कंपनीचीच लेन्स घ्या असं मीही काहींना सांगतो. निकॉनची १८०-६०० आणि सोनीची २००-६०० या झूम करताना लांब होत नाहीत, वजनाचा तोल तोच राहतो. हलत्या नावेत हे फार उपयोगी पडतं. निकॉनची २०१५ची २००-५०० झूमभर एफ ५.६ देते आणि जुनी घेतली तर परवडतेही. झूमची रिंग कुठल्या बाजूला फिरते हेही पाहावं. सिग्माची कॅननच्या दिशेने फिरते, टॅमरॉनची निकॉनच्या. निकॉनवर हात बसलेल्याला सिग्मा दिली की ऐन उड्डाणाच्या वेळी तो उलटीकडे फिरवतो आणि पक्षी निघून जातो.

लेन्सवर पुन्हा लिहाल तेव्हा किमतीशेजारी एवढं जरूर छापा: लेन्स कोणत्या माउंटमध्ये मिळते, फर्मवेअर घरी बदलता येतं का, आणि दुरुस्तीला पुण्यात देता येते की कुरियरने लांब पाठवावी लागते. लाखभर रुपये साठवून येणारी मुलं माझ्याकडे हेच तीन प्रश्न घेऊन येतात.

– एक स्टुडिओचालक, भिगवण (जि. पुणे)