पडद्यावरच्या त्या माणसाला थकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या जुन्या पोलिसपटांवरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला होता, तरी एक गोष्ट खटकली. गोऱ्या नटांच्या अभिनयावर परिच्छेदच्या परिच्छेद होते आणि त्यांच्या बरोबरीने काम केलेल्या कृष्णवर्णीय नटांच्या वाट्याला ‘धिप्पाड’, ‘आडदांड’, ‘राक्षसी ताकदीचा’ एवढीच विशेषणं आली होती. लेखकाच्या मनात वाईट काही नसणार, याची मला खात्री आहे. मीही उभं आयुष्य असंच बघत आले. म्हणून हे पत्र. ते जरा लांबणार आहे, सांभाळून घ्यावं.

सहा वर्षांपूर्वी मी मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. एका संध्याकाळी त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकटीच होते. मधल्या मजल्यावर एक उंच, रुंद खांद्यांचा कृष्णवर्णीय माणूस आत आला. पस्तिशीचा असेल. हातात किराणाची कागदी पिशवी, तिच्यातून पालेभाजी डोकावत होती. माझा हात आपसूक पर्सकडे गेला आणि मी ती छातीशी धरली. त्याने ते पाहिलं. बोलला काहीच नाही. समोरच्या कोपऱ्यात जाऊन त्याने पाठ भिंतीला टेकवली, पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली, म्हणजे दोन्ही हात मला दिसत राहतील, आणि मजल्यांचे आकडे बघत उभा राहिला. हे सगळं इतकं सरावाचं होतं की माझ्या पोटात कालवलं. अनोळखी बाई घाबरू नये म्हणून अंग चोरून उभं राहायचं त्या माणसाच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. तोपर्यंत मी एकाही कृष्णवर्णीय माणसाशी दोन वाक्यं बोललेले नव्हते. मग ही भीती माझ्यात आली कुठून? सिनेमातून. दुसरं कुठून येणार?

तेव्हापासून आमच्या फिल्म सोसायटीतल्या दोघा-तिघांच्या मदतीने मी हे सिनेमे नव्याने बघायला घेतले. सुरुवात १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’पासून केली. त्यात गोऱ्या मुलीच्या मागे लागणारा काळा माणूस तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटानेच रंगवला आहे. ती मुलगी कड्यावरून उडी टाकते आणि पांढरे झगे घालून त्याला मारणारे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक सिनेमाचे नायक ठरतात. हा सिनेमा व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला आणि त्याच वर्षी जॉर्जियात ती संघटना पुन्हा उभी राहिली. पडद्यावरच्या प्रतिमेने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पुढे कित्येक वर्षं कृष्णवर्णीय पुरुषाला एकतर असा आडदांड नराधम व्हायचं होतं, नाहीतर डोळे फिरवणारा आळशी नोकर. ती कोंडी सिडनी पॉइटियर या कृष्णवर्णीय नटाने फोडली. ‘टू सर, विथ लव्ह’ मधल्या त्यांच्या शिक्षकावर आमची पिढी जीव टाकत असे. मी स्वतः शिक्षिका, तेव्हा विचारायलाच नको. पण आता पाहताना जाणवतं की पडद्यावर माणूस म्हणून उभं राहायला त्या नटाला जवळजवळ देव व्हावं लागलं. १९५८ च्या ‘द डिफायंट वन्स’ मध्ये एका साखळीने बांधलेले दोन कैदी पळतात, एक काळा, एक गोरा. शेवटी काळा कैदी धावत्या मालगाडीत चढलेला असतो, गोऱ्याला चढता येत नाही आणि त्याच्यासाठी हा सुटकेवर पाणी सोडून खाली येतो. गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे पाणावले. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी मात्र लिहून ठेवलं आहे की न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला प्रेक्षक संतापून ओरडला, ‘अरे मूर्खा, चढ परत गाडीत!’

१९६७ हे पॉइटियर यांच्या भरभराटीचं वर्ष. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ मध्ये ते फिलाडेल्फियाचे पोलीस अधिकारी आहेत. मिसिसिपीतला एक गोरा मळेवाला आपल्या काचघरात ऑर्किडच्या कुंड्यांमध्ये उभा राहून त्यांना थोबाडीत मारतो आणि पापणी लवायच्या आत तेही त्याला एक ठेवून देतात. बाजूला त्या मळेवाल्याचा कृष्णवर्णीय नोकर ट्रे घेऊन उभा आहे. मी तो प्रसंग तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा माझी नजर त्या नोकराकडे गेली. त्या एका थपडेची किंमत त्या खोलीत फक्त त्यालाच पुरती कळलेली आहे. सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर या सिनेमासाठी गावच्या गोऱ्या पोलीसप्रमुखाचं काम करणाऱ्या रॉड स्टायगर यांना मिळालं. पॉइटियर यांना नामांकनही नव्हतं.

त्याच वर्षीच्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ मध्ये ते गोऱ्या मुलीशी लग्न करायला निघालेले डॉक्टर आहेत. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी करणारे १६ राज्यांतले कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये रद्द केले आणि सिनेमा आला डिसेंबरात. तरीही त्या दोघांचं चुंबन आपल्याला दिसतं ते टॅक्सीवाल्याच्या आरशात, इवलंसं. एवढा शिकलेला, एवढा सभ्य जावई, पण त्याला शरीर असलेलं चालत नव्हतं.

मग लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. १९७१ मध्ये कृष्णवर्णीय दिग्दर्शक मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग’ काढला. सुरुवातीला तो डेट्रॉइट आणि अटलांटा इथल्या दोनच थिएटरांत लागला. नायक दोन पोलिसांना बेदम मारहाण करून पळतो आणि शेवटी सुटतो. तो मरत नाही, हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या ह्यूई न्यूटन यांनी त्याची भरभरून स्तुती केली. पाठोपाठ ‘शाफ्ट’ आला, स्टुडिओंना पैसा दिसला आणि चामड्याचे कोट घातलेल्या नायकांची रांग लागली. ताठ मानेने चालणारा आपला माणूस पाहून तिथल्या लोकांना काय वाटलं असेल, ते मी समजू शकते. पण या सिनेमांत त्याचं पौरुष बहुतेक वेळा बंदुकीवर आणि बायकांच्या अंगावर मोजलं जातं, हे एक बाई म्हणून मला बोललंच पाहिजे. नराधमाचा नायक केला, तरी साचा जुनाच राहिला.

भयपटाने याहून खरं काहीतरी सांगितलं, आणि तेही ठरवून नव्हे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ चा नायक बेन. त्याचं काम ड्वेन जोन्स यांनी केलं. भूमिका कृष्णवर्णीय म्हणून लिहिलेली नव्हती, चाचणीत ते सरस ठरले म्हणून त्यांना घेतलं. प्रेतं चाल करून येत असताना हा माणूस खिडक्यांना फळ्या ठोकतो, घाबरलेल्या मुलीच्या पायात चपला घालतो, डोकं शांत ठेवतो. रात्र संपते. सकाळी बंदुका घेतलेल्या माणसांचा जमाव येतो, खिडकीशी हालचाल दिसते आणि ते त्याच्या कपाळात गोळी घालतात. नंतर पडद्यावर नुसती भरड छायाचित्रं येतात: आकडे रोवून त्याचा देह ओढत नेला जातो आणि सरणावर टाकला जातो. मार्टिन ल्यूथर किंग यांना एप्रिल १९६८ मध्ये गोळी घातली, तेव्हा हा सिनेमा तयार होऊन वितरकाच्या शोधात होता. गोऱ्या जमावाने झाडाला टांगून मारलेल्या कृष्णवर्णीय माणसांशेजारी उभं राहून लोकांनी काढून घेतलेले फोटो ज्यांनी घरात पाहिले असतील, त्यांना हा शेवट कसला वाटला असेल? २०१७ च्या ‘गेट आउट’ मध्ये शेवटी पोलिसांच्या गाडीसारखे दिवे चमकतात, तेव्हा कृष्णवर्णीय नायक सुटला असं कुणालाच वाटत नाही, उलट छातीत धस्स होतं. त्या ‘धस्स’ ला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

‘द ग्रीन माइल’ पाहून मी हमसून रडले होते, आणि आता त्याच रडण्याचा मला राग येतो. जॉन कॉफी हा डोंगराएवढा कृष्णवर्णीय कैदी हाताच्या स्पर्शाने गोऱ्या तुरुंगाधिकाऱ्याचं दुखणं ओढून घेतो, वरिष्ठाच्या बायकोला बरं करतो आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी विजेच्या खुर्चीत मरतो. त्याला आई कोण, गाव कोणतं, प्रेम कुणावर होतं, काही म्हणजे काही नाही. लिफ्टमधल्या त्या माणसाने माझी जड बॅग उचलून दिली, असं काही घडलं नाही. घडलं असतं तरी मी ते सांगितलं नसतं. माझ्या उपयोगी पडला म्हणून तो चांगला ठरावा, हे मला नको आहे.

मग हवं काय? कृष्णवर्णीय दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ पाहिला आणि मला उत्तर सापडलं. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतला स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या कापतो. त्याला झोप येत नाही. घरी स्वयंपाकघरात मित्राशी बोलताना तो चहाचा गरम कप गालाला लावतो आणि सांगतो, ही ऊब बाईच्या जवळिकीसारखी वाटते. मित्र हसतो. एका प्रसंगात तो आणि त्याचा मित्र मोटारीचं जुनं इंजिन विकत घेतात, जिन्यावरून धापा टाकत उतरवतात आणि टेम्पोच्या अगदी कडेला ठेवतात. आत सरकवायचं त्राण उरलेलं नसतं. गाडी चढावर निघते, इंजिन गडगडत खाली पडतं आणि फुटतं. दोघं उतरून बघतात आणि ते रस्त्यातच टाकून निघून जातात. बंदूक नाही, चमत्कार नाही. बायको त्याला नाचायला जवळ घेते, तो तिच्याबरोबर हळूहळू फिरतो आणि गाणं संपताच तिला दूर सारून निघून जातो. पैसे नसलेल्या घरात पुरुषाचं काय होतं, हे मी नाशिकच्या चाळीत पाहिलेलं आहे. मला तो परका वाटलाच नाही.

बर्नेट यांनी हा सिनेमा १९७७ मध्ये विद्यापीठातला प्रबंध म्हणून केला. खर्च १०,००० डॉलरच्याही आत. १९९० मध्ये अमेरिकेने तो जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत घेतला. पण गाण्यांच्या हक्कांचा खर्च परवडत नव्हता, म्हणून थिएटरात रीतसर लागायला २००७ साल उजाडलं.

‘मूनलाइट’ २०१६ चा. गर्द विकणारा हुआन एका मुक्या-मुक्या मुलाला समुद्रात नेतो, त्याच्या डोक्याखाली तळवा धरून तरंगायला शिकवतो. तो मुलगा मोठा होऊन पिळदार दंड कमावतो, दातांवर सोन्याचं आवरण बसवतो, हुबेहूब हुआनसारखा बनतो. जुना मित्र त्याला आपल्या खानावळीत बसवून स्वतः रांधून वाढतो. घास घेण्याआधी तो दातांवरचं ते सोनं काढून ठेवतो. तोंडातलं चिलखत उतरवल्याशिवाय जेवता येत नाही, एवढी साधी गोष्ट. सबंध इतिहास मला त्या हालचालीत दिसला.

हे आपल्या मराठी पुरवणीत कशाला, असं कुणी विचारील. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. एवढं जुनं नातं असून आमची मुलं तिकडे गेली की आम्ही फोनवर सांगतो, ‘काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नको हं.’ मीही सांगितलं होतं. मुलाने विचारलं, ‘आई, कुणी सांगितलं तुला?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तेव्हा एक विनंती. बर्नेट यांच्यावर पुरवणीत एक सविस्तर लेख द्यावा. त्याच लेखकाकडून घेतला तर मला जास्त आनंद होईल, कारण त्यांची सिनेमाची जाण पक्की आहे. आणि त्यांनी एखाद्या कृष्णवर्णीय नटाची उंची आणि दंड सांगण्याआधी, त्याने हातातला कप कसा धरला होता ते सांगावं.

आपली,
एक नियमित वाचक (निवृत्त शिक्षिका), नाशिक