सुटलेला थर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, काचेवर चढवलेला सोन्याचा थर चाचणीच्या चिकटपट्टीबरोबर अख्खा निघून आला," आणि पुढं गप्पच झालीस. म्हणून हे पत्र.

आधी सांग, ती काच टाकलीस का? टाकली नसशील तर मायक्रोस्कोपखाली ठेव. जुन्या टेलिफोनच्या पिळाच्या वायरीसारख्या नागमोडी सुरकुत्या दिसल्या, तर थर आतल्या आत कोंडलेला होता. पसरायला जागा नाही म्हणून काचेवरून उठला. सुकलेल्या चिखलासारख्या भेगा असतील तर तो ताणलेला होता. स्पटरिंगमध्ये, म्हणजे आर्गॉन वायूच्या आयनांनी धातूचे अणू उडवून काचेवर बसवताना, आर्गॉनचा दाब कमी-जास्त केला की पुष्कळ धातूंचे थर कोंडलेल्याचे ताणलेले किंवा ताणलेल्याचे कोंडलेले होतात. थर जाड झाला की हा ताण आणखी अंगावर येतो.

पण थर सपाट, सलग निघाला असेल आणि खालची काच लख्ख असेल, तर भानगड साधी आहे. सोनं काचेशी सोयरीक करत नाही, काचेतल्या ऑक्सिजनशी त्याचं जुळतच नाही. मध्ये क्रोमियम किंवा टायटॅनियमचा ५ नॅनोमीटरचा थर दे. तो दिल्यावर व्हॅक्यूम मोडू नकोस. हवा लागली की त्यावर ऑक्साइड धरतं आणि सोनं पुन्हा उपरं ते उपरंच.

मी नवखी असताना दोन महिने यंत्राला बोल लावत होते. काच अ‍ॅसिटोननं धुवायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मग नायट्रोजनच्या झोतात सुकवायची. सगळं शिस्तीत! फक्त त्याच हातमोज्यांनी मी आधी दाराची मूठ धरलेली असायची. थर दर वेळी एकाच कोपऱ्यातून सुटायचा, जिथे माझा अंगठा टेकायचा. वहीत मात्र मी फक्त 'फेल' लिहीत गेले. कोपरा एकदाही नोंदवला नाही. अजून राग येतो.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर काचेवर चढवून तिची चकाकी घालवली. काच जवळजवळ दिसेनाशी झाली, पण ते थर बोटानं पुसले जायचे! चिकटण्याचं दुखणं असं जुनं आहे.

सॅम्पल पाकिटात घाल, वर तारीख, दाब आणि थर कुठून सुटला ते लिही. फोटो आधी पाठव, मग रविवारी बोलू.

तुझी,
आई