उपवासकाळासाठी आवाहन : धर्मग्रामातील प्रत्येक घराला

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरच्या तयारीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, तोंडावर आला आहे. त्या दिवशीच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, पहिल्या वाचनात बायबलमधला योएल संदेष्टा कर्णा वाजवून सगळ्या लोकांना गोळा करायला सांगतो. म्हाताऱ्यांना बोलवा, मुलांना आणा, अंगावर पिणारी बाळंसुद्धा घेऊन या, नवरानवरीनेही आपल्या खोलीतून बाहेर यावे, असे तो म्हणतो. त्या हाकेतून कुणाचीच सुटका नाही. आपला उपवासकाळ मात्र हल्ली ज्याच्या त्याच्या घरात सुरू होतो आणि तिथेच संपतो. कुणी गोड सोडतो, कुणी दारू, कुणी शुक्रवार पाळतो. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. यंदा हे बदलावे असे पॅरिश कौन्सिलला, म्हणजे आपल्या धर्मग्रामाच्या मंडळाला, मनापासून वाटते. त्यासाठी आम्हाला तुमच्याकडून पैसे हवेत, वेळ हवा आणि थोडी माहितीही हवी.

जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनाविधीवरच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की, उपवासकाळातले प्रायश्चित्त केवळ आतले आणि एकट्याचे असू नये, ते बाहेर दिसणारे आणि सामाजिकही असावे. याला आता साठ वर्षे उलटून गेली. आपण भाविक ते अजून नीट अमलात आणू शकलेलो नाही.

आधी पैशांविषयी.

राखेच्या बुधवारी प्रत्येक घराला एक पाकीट मिळेल. त्यावर नाव नसेल, घराचा नंबर नसेल, कसलीही खूण नसेल. त्याच मिस्साच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. मग सगळ्यांनी मिळून दान करायचे कसे, असा प्रश्न काहींनी बैठकीत विचारला आणि तो रास्त होता. त्यावर आम्हाला सुचलेला मार्ग हाच : पाकिटे सगळ्यांची एकत्र येतील, पण कुणी किती दिले ते धर्मगुरूंनाही कळणार नाही. देणगीदारांची यादी लागणार नाही, आभाराचा फलक लागणार नाही आणि मोठी रक्कम देणाऱ्याचे नाव मिस्सानंतर पुकारले जाणार नाही.

पाकिटात काय टाकायचे, हे जरा सविस्तर सांगावेसे वाटते, कारण सगळ्या आवाहनाचा गाभा तिथेच आहे. महिन्याचा खर्च भागवून जे उरते त्यातले दान वर्षभर चालूच असते, ते तसेच चालू ठेवा. या पाकिटासाठी आम्ही मागतो ते उपवासाने वाचलेले पैसे. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या मरणाच्या स्मरणदिनी, उपवास करणाऱ्याने दिवसात एकदाच पोटभर जेवायचे असते. बाकी दोन वेळा थोडेसे खाता येते, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढे होऊ नये. 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंत सर्वांना हा नियम लागू आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून पुढे लागतो. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी स्वतःवर ओझे घेऊ नये. आता त्या टाळलेल्या जेवणाचे पैसे कुठे जातात? बहुतेक घरांत ते घरातच राहतात आणि दोन दिवसांनी दुसऱ्याच कशावर तरी खर्च होतात. पाचव्या शतकात पोप पहिले लिओ आपल्या प्रवचनांतून सांगत की, उपवास करणाऱ्याने जे खाल्ले नाही ते गरिबाच्या पोटात गेले पाहिजे. तेवढे झाले नाही तर आपण फक्त भुकेले राहतो, कुणाचेही पोट भरत नाही.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवा. सुटलेले जेवण, बंद केलेली सिगारेट, पुढे ढकललेली खरेदी, बाहेर जाऊन खाण्याचा रद्द केलेला बेत, मोबाइलवरच्या एखाद्या ॲपची थांबवलेली वर्गणी, यातले जे काही असेल त्याचे पैसे त्याच दिवशी पाकिटात टाका. महिनाअखेरीस अंदाजाने हिशेब करू नका, कारण अंदाज नेहमी आपल्याच बाजूने झुकतो. मुलांनाही यात घ्या. त्यांनी आपल्या खाऊच्या पैशांतून टाकलेले एक नाणे मोठ्यांच्या नोटेशेजारीच पडू द्या.

आणि ज्या घरात आधीच ओढाताण आहे त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. तुम्ही पाकिटात काही टाकू नका. पाकिटे द्यायच्या मिस्सात लाजून मागे राहू नका, पाकीट रिकामे घेऊन या आणि सगळ्यांबरोबर पुढे आणून द्या. त्यावर नावच नाही, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात येणार नाही. आपल्याजवळ होते नव्हते ते दान करणाऱ्या विधवेच्या दोन दमड्यांची शुभवर्तमानातली गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण ती गोष्ट सांगून कुणा गरिबाच्या हातून शेवटचे पैसे काढून घ्यावेत, असे आम्हाला अजिबात वाटत नाही.

जमलेले पैसे कशासाठी, तर तीनच कामांसाठी : औषधोपचाराचा खर्च, शाळा-कॉलेजची थकलेली फी आणि काम सुटल्याने घरभाडे देता न येणारी कुटुंबे. मदत देताना धर्म विचारला जाणार नाही. गरीब, दुःखी, एकाकी आणि परागंदा माणसांना शोधून काढणे हे पॅरिशच्या धर्मगुरूचे कर्तव्य आहे, असे चर्चचा कायदाच सांगतो. त्या कामात आपण त्यांच्या पाठीशी उभे राहायचे आहे. त्याच कायद्यात आणखी एक नियम आहे : ज्या कामासाठी भाविकांनी पैसे दिले त्याच कामासाठी ते वापरले पाहिजेत. त्यामुळे या पाकिटांतला एकही पैसा रंगकामाकडे, ध्वनियंत्रणेकडे किंवा सणाच्या सजावटीकडे वळणार नाही. छत गळत असले तरीही नाही. त्यासाठी वेगळे आवाहन करू.

गुड फ्रायडेची जी वर्गणी गोळा होते, ती यात धरू नका. जगभरातल्या पॅरिशमधून गोळा होणारी ही वर्गणी पवित्र भूमीतल्या चर्चसाठी आणि तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी जाते. ती पेटी त्या दिवशी स्वतंत्र फिरेल.

पैशांपेक्षा वेळ मागायला आम्हाला जास्त अवघड जाते, आणि गरज मात्र त्याचीच अधिक आहे. आपल्या पॅरिशमधल्या अंथरुणाला खिळलेल्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांची यादी ऑफिसमध्ये आहे. ती अपुरी आहे, हे आम्हाला माहीत आहे. यातल्या अनेकांना पवित्र कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घरी मिळते. पण कम्युनियन देणारे सेवक मोजकेच आहेत, घरे बरीच आहेत, त्यामुळे प्रार्थना म्हणून, कम्युनियन देऊन पुढच्या घराकडे निघावे लागते. म्हातारीला बोलायचे असते. तिने पलंगाशेजारच्या स्टुलावर पांढरे कापड अंथरून, मेणबत्ती ठेवून सकाळपासून तयारी केलेली असते, केस विंचरून घेतलेले असतात, कदाचित सुनेला दोनदा वेळ विचारलेली असते. आणि आलेला माणूस घाईत निघून जातो. त्याला दोष देता येत नाही, कारण पुढच्या घरातही कुणीतरी अशीच वाट पाहत असते.

यासाठी आम्हाला सोबती हवे आहेत. सेवकाबरोबर जायचे, प्रार्थनेत भाग घ्यायचा आणि सेवक पुढे गेल्यावर तिथेच अर्धा तास बसायचे. धर्मशास्त्राचा अभ्यास लागत नाही, गोड आवाज लागत नाही. त्या रविवारचे शुभवर्तमान मोठ्याने वाचून दाखवता आले तरी पुरे. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्या अगदी जवळ बसून, सावकाश वाचा. बऱ्याचदा वाचन अर्ध्यावर राहते आणि त्यांच्या जुन्या आठवणी सुरू होतात. होऊ द्या. काहीजण बोलणारच नाहीत, तेव्हा गप्प बसून राहा. आपल्या जपमाळेवर एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, म्हणा. मोबाइल मात्र खिशातच ठेवा. ही एवढी एक अट आम्ही कटाक्षाने घालतो.

राखेच्या बुधवारी यातल्या प्रत्येकाच्या कपाळी राख लागावी, अशी आमची इच्छा आहे. चर्चमध्ये आशीर्वादित केलेली राख छोट्या डब्यांतून त्याच दिवशी घरोघर नेता येईल. मात्र एवढी घरे एका दिवसात करायची तर मोटारसायकल किंवा गाडी असणारे लोक हवेत, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा.

ही राख होते गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, झावळ्यांची. तुमच्या घरी क्रूसामागे किंवा पवित्र चित्रामागे खोचलेली झावळी आता पिवळी पडून कडकडीत झाली असेल. ती कचऱ्यात जाऊ देऊ नका. राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी चर्चच्या दारातल्या टोपलीत आणून टाका. त्यावर रिबिन, प्लास्टिकची फुले किंवा टाचण्या असतील तर घरीच काढा. प्लास्टिक जळले की राख चिकट होते आणि तिला उग्र वास येतो. भरपूर झावळ्या जाळल्या तरी राख जेमतेम ओंजळभर निघते. ती बारीक चाळणीने दोनदा चाळावी लागते, नाहीतर अर्धवट जळलेल्या काड्या कपाळाला टोचतात. हे काम शनिवारच्या धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे असे ठरले आहे. कपाळावरची राख कुठून येते हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे. मुलांना सांभाळायला चार पालक आले तर बरे होईल.

दर शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करत स्थानकास्थानकावर थांबून करायची प्रार्थना, होईल. चौदा स्थानके आहेत आणि आजवर ती चालवणारे तेच तेच चेहरे असायचे. यंदा प्रत्येक शुक्रवार एकेका वाडीने किंवा गटाने घ्यावा. तरुणांनी एक, महिला मंडळाने एक, आजी-आजोबांनी एक. ज्येष्ठांच्या शुक्रवारी बाकांवर बसूनच भक्ती होईल, क्रूस तेवढा स्थानकापासून स्थानकापर्यंत फिरेल.

यंदा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण मिस्सात बाप्तिस्मा घेणाऱ्या दीक्षार्थींनाही विसरू नका. मुळात उपवासकाळ हा त्यांच्या तयारीचा काळ आहे आणि तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी खास प्रार्थना होतील. त्या रविवारी त्यांच्याजवळच्या बाकावर बसा, मिस्सा संपल्यावर त्यांची ओळख करून घ्या, घरी बोलवा. त्यांतल्या काहींच्या मागे स्वतःचे कुटुंबही उभे नाही.

आता माहितीविषयी. आपल्या शेजारी कुणाची नोकरी गेली आहे, कुणाच्या घरात आजारपण लपवले जात आहे, कोण बऱ्याच दिवसांत चर्चला दिसलेले नाही, हे कौन्सिलला कळायला मार्ग नाही. तुम्हाला ते माहीत असते. गरजू माणूस स्वतः क्वचितच दार ठोठावतो, आणि ज्याची एकेकाळी बरी परिस्थिती होती तो तर कधीच नाही. अशा घराविषयी धर्मगुरूंना एकांतात सांगा. चारचौघांत नको, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. आणि ज्यांनी आपल्याशी कुणीतरी कठोर बोलले म्हणून चर्च सोडले, त्यांची पॅरिशच्या वतीने क्षमा मागायला आम्ही त्यांच्या दारी जायला तयार आहोत. फक्त कुठे जायचे ते कळू द्या. कन्फेशनसाठी, म्हणजे पापांची कबुली ऐकण्यासाठी, उपवासकाळात रोज संध्याकाळी मिस्साच्या आधी धर्मगुरू बसतील. जे वर्षानुवर्षे आले नाहीत त्यांना कोणत्या शब्दांनी सुरुवात करावी हेही आठवत नसेल, तर तसेच या. फादर सांगतील.

पाकिटे परत आणायची ती पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सात. त्या मिस्सात भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे आणताना भाविकांनी गरिबांसाठीच्या भेटीही मिरवणुकीने आणाव्यात, अशी तरतूद रोमन मिस्साग्रंथातच आहे. त्याप्रमाणे सगळ्यांनी आपापले पाकीट हातात घेऊन पुढे यायचे आहे. त्याच मिस्सात पाय धुण्याचा विधी असतो. 2016 पासून त्यासाठी स्त्रिया, पुरुष, तरुण, वृद्ध, निरोगी, आजारी अशा सर्वांतून माणसे निवडता येतात. यंदा त्यात चाकाच्या खुर्चीवरून येणारे आणि घरकाम करणारेही असावेत, असा प्रयत्न आहे. खुर्चीसह त्यांना घरून आणायला मदत लागेल.

पैसे त्याच रात्री वित्त समितीचे सदस्य आणि दोन साधे भाविक यांच्यासमोर मोजले जातील. हे दोन भाविक मिस्सानंतर तुमच्यातूनच निवडू. एकूण रक्कम ईस्टरच्या दिवशी जाहीर होईल. खर्चाचा हिशेब दैवी दयेच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरनंतरच्या रविवारपासून, सूचनाफलकावर लागेल आणि पैसे संपेपर्यंत दर महिन्याला नवा लागेल. त्यात मदत घेणाऱ्यांची नावे नसतील, पण कोणत्या कामाला किती गेले ते पैशापैशाने असेल. शंका असेल तर वह्या पाहायला मागा, दाखवू.

सोबती म्हणून, गाडीसाठी, मुलांबरोबर राखेच्या कामासाठी किंवा क्रूसाच्या वाटेसाठी ज्यांना यायचे आहे त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर सांक्रिस्टीबाहेरच्या (धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीबाहेरच्या) टेबलावर नाव लिहावे. आठवड्यातला कोणता वार आणि कोणती वेळ मोकळी आहे तेही लिहा. वर्षभरासाठी शब्द द्यायची गरज नाही, उपवासकाळापुरते आलात तरी चालेल. झावळ्या त्याच दिवशी बरोबर घेऊन या.

ख्रिस्तात आपले,
पॅरिश कौन्सिल व उपवासकाळ समिती