पैसे पाठवत नाही, मीच येते

चि. सौ. ताईस,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर ३५,००० रुपये मागितलेस, तुझ्या छकुलीला जाहिरातीत काम मिळवून देतो म्हणणाऱ्या एजन्सीला द्यायला. मी ‘बघते’ म्हणाले आणि तू गप्प झालीस. आईला छकुलीनं जाहिरातीत काम केलेलं आवडणार नाही, असं तुझ्या मनात आलं असेल. तसं अजिबात नाही. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला ती नाचत होती तेव्हा गल्लीतल्या बायांनी तिला मधे घेऊन फेर धरला होता, आणि मी ओट्यावरून बघत होते. एवढ्या गर्दीत ती जराही बुजली नाही. पोरीत गुण आहे, हे मला दिसतं. पैसेही घरात आहेत, केळीच्या मागच्या कटाईचे. तरी मी पाठवत नाही. का, ते फोनवर अर्धंच राहतं, म्हणून लिहायला बसले.

तू आठवीत होतीस त्या वर्षीचा केळीचा व्यापारी आठवतो का? बाहेरगावचा होता, गोड बोलायचा, तुझ्या आप्पांना काका म्हणायचा. पहिली गाडी भरली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या ओट्यावर बसून नोटा मोजून दिल्या. दुसऱ्या गाडीचेही रोख. ते बघून गल्लीतल्या बाकीच्यांनीही त्याला माल दिला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, काका, चेक देतो, आठ दिवसांनी बँकेत टाका. आप्पांनी तो चेक देवघरात ठेवला होता, कुंकवाचं बोट लावून. आठ दिवसांनी बँकेतून परत आला आणि त्याचा फोन बंद. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पोलीस ठाण्यात किती खेपा मारल्या, हाती काही लागलं नाही. आम्ही त्याचे कपडे पाहिले, गाडी पाहिली, बोलणं पाहिलं, रोख पैसे पाहिले. याचा माल पुढे जातो कुठे आणि याला पैसे देतो कोण, एवढं मात्र कोणी विचारलं नाही.

तोच प्रश्न या एजन्सीला लावून बघ. यांना पैसे कोण देतं?

आडत्याचा धंदा तू लहानपणापासून पाहिला आहेस. माल विकला गेला की तो आपली आडत कापून घ्यायचा. माल विकायच्या आधी त्यानं कधी शेतकऱ्यापुढे हात पसरला नाही. खऱ्या एजन्सीचंही तसंच असतं. कंपनी जाहिरात काढते, निर्माता मुलाच्या कामाचे पैसे देतो आणि त्यातून एजन्सी आपलं कमिशन घेते. मुलाला काम मिळालं तरच तिचं घर चालतं, म्हणून ती काम शोधते, आणि ज्याला काम मिळण्यासारखं नाही त्याला सरळ नाही म्हणते. आता तुझी एजन्सी बघ. तू स्वतः सांगितलंस की हॉटेलच्या हॉलमध्ये शंभरेक मुलं होती. तुझ्या सोसायटीतल्या तिघींची मुलं गेली होती आणि तिघींनाही दुसऱ्या दिवशी ‘तुमचं मूल सिलेक्ट झालं’ म्हणून फोन आला. ताई, सगळीच पास होतात ती परीक्षा कसली? मी छत्तीस वर्षं शाळेत पेपर तपासले आहेत. ज्याचा नफा आईबापांकडून येतो त्याला कोणाला नापास करून चालत नाही.

त्या ३५,००० मध्ये पोर्टफोलिओचे, म्हणजे फोटोंच्या अल्बमचे, किती आणि ‘आर्टिस्ट कार्ड’चे किती, ते तू सांगितलं नाहीस. असं कार्ड नसेल तर पोरीला कोणी उभं करणार नाही, असं ते म्हणतात. हे सपशेल खोटं आहे. लहान मुलाला जाहिरातीत काम करायला कुठलंही कार्ड विकत घ्यावं लागत नाही. आणि पोर्टफोलिओचं म्हणशील तर छकुलीचे पुढचे दोन दात आत्ताच पडलेत. संक्रांतीपर्यंत नवे डोकावतील, उन्हाळ्यात ती दोन बोटं उंच होईल. आज काढलेला महागडा अल्बम शाळेचं वर्ष संपेपर्यंत दुसऱ्याच मुलीचा वाटेल. लहान मुलांचे साधे, ताजे फोटो पुरतात: खिडकीच्या उजेडात, कोऱ्या भिंतीपुढे, एक समोरून, एक बाजूने, एक पूर्ण उभा, आणि ती स्वतःचं नाव-वय सांगते असा छोटा व्हिडिओ. हे जावईबापू मोबाइलवर पाच मिनिटांत काढतील. शाळेचा गणवेश घालू नका आणि मागे सोसायटीचं नाव दिसू देऊ नका. चांगले फोटो काढावेसे वाटले तर फोटोग्राफर तू निवड. ‘आमच्याच माणसाकडून काढा’ म्हटलं की समज, कमाई तिथे आहे.

भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची चिन्हं लावली आहेत म्हणून तू भारावलीस. चिन्हं कोणीही छापून घेतो. त्यांना विचार, यातली कोणती जाहिरात, कधी झाली, निर्माता कोण. मग त्या निर्मात्याच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून फोन कर, यांनी दिलेल्या नंबरवर नको. नावाजलेल्या एजन्सीशी मिळतंजुळतं नाव घेणारेही असतात. जीएसटी नंबर दाखवला तर त्यानं धंद्याची नोंद आहे एवढंच कळतं, धंदा सचोटीचा आहे हे नाही. त्यापेक्षा ज्यांच्या मुलांनी खरंच कामं केली अशा दोन आयांना गाठ, एजन्सीचा माणूस समोर नसताना.

आता कायद्याचं. आपल्या गल्लीतल्या वकिलांकडे बसून मी नियम वाचून घेतले. बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला काम करायला बंदी, पण जाहिराती, सिनेमा, मालिका यांत कलाकार म्हणून काम करता येतं, काही अटींवर. २०१७ च्या नियमांत त्या अटी आहेत. शूटिंग जिथे असेल त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं आधी घ्यायची. दिवसात ५ तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि शाळा सुटता कामा नये. दर पाच मुलांमागे सांभाळायला एक जबाबदार माणूस हवा. आणि मला सगळ्यात आवडली ती ही गोष्ट: मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावावर मुदत ठेवीत थेट जमा करायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. एजन्सीत जाऊन एवढंच विचार: परवानगी कोण काढतं आणि कमाईतला २० टक्के भाग ठेवीत कसा भरता? ज्यांनी दहा मुलांना काम दिलं आहे ते बोलता बोलता सांगतील. बाकीचे तुझ्याकडे बघत बसतील.

ही सगळी पैशांची गोष्ट झाली. पैसे बुडाले तर पुन्हा केळी लावता येते. पण तू एक वाक्य सहज बोलून गेलीस, त्यावर मला रात्रभर झोप नाही. ‘ऑडिशनला त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं, आई समोर असली की मूल खुलत नाही म्हणाले.’ छकुली सहा वर्षांची आहे. बंद दाराआड एका अनोळखी माणसाजवळ ती दहा मिनिटं होती आणि आत काय झालं हे तुला ती सांगेल तेवढंच माहीत. काही वाईट झालं असं मी म्हणत नाही. तरी तिला मांडीवर घेऊन, घाई न करता, आत काय काय केलं ते विचार. रागावू नको, तोंडात शब्द घालू नको. काही वेगळं ऐकलंस तर तिथल्या तिथे १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लाव. पुन्हा कुठल्याही ऑडिशनला, मापाला, फोटोला ती तुझ्या नजरेआड जाता कामा नये. कमी कपड्यांतले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितले तर तिथेच संबंध तोड. चांगला माणूस आईला बाहेर काढत नाही, खुर्ची देतो.

करारावर रविवारी सही करायची म्हणालीस. करू नको. कागद घरी आण. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला करार करता येत नाही, म्हणून सही तुझी घेतात आणि अडकतेस तूच. किती वर्षांचा आहे, दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, तिचे फोटो ते कुठे आणि किती काळ वापरणार, हे आधी वाच. जो कागद घरी नेऊ देत नाही त्याचा कागद वाचायचीही गरज नाही. ‘रविवारनंतर जागा भरेल’ हे त्या व्यापाऱ्याचंच बोलणं: काका, उद्या भाव पडेल, आज गाडी भरा.

नोंदणीचे २,५०० तू दिलेस, ते एजन्सीच्या खात्यावर नाही, कोणा माणसाच्या मोबाइल नंबरवर. पावती मागितलीस का? आज लेखी परत माग, व्हॉट्सअ‍ॅपवरच, म्हणजे पुरावा राहील. दिले नाहीत किंवा नंबर बंद झाला तर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या मदत नंबरवर, तक्रार कर, दिवस घालवू नको. अडीच हजारच आहेत म्हणून सोडून देऊ नको. शंभर घरांचे मिळून ते अडीच लाख होतात.

रविवारी तू एकटी जायचं नाही. मी शुक्रवारी रात्री भुसावळहून गाडीत बसते. बामणोदची वांगी आणते, शनिवारी भरीत करू. रविवारी आपण दोघी जाऊ, छकुलीला जावईबापूंजवळ घरी ठेवून. प्रश्न मी कागदावर लिहून ठेवले आहेत. विचारायचं तू, उत्तरं मी लिहून घेईन.

तुझी,
आई